साध्या मलेरियासाठी संयुक्त गोळ्या: कोणती निवडावी?

फाल्सिपेरम या परजीवीमुळे झालेला मलेरिया, गुंतागुंत नाही, रुग्ण तोंडाने औषध घेऊ शकतो: अशा वेळी दोन औषधांची (एक आर्टेमिसिनिन गटातलं, दुसरं वेगळं) कोणती जोडी लिहायची, हे मला नेहमी ठरवावं लागतं. जोडीतलं दुसरं औषध त्या भागात निकामी झालेलं नसेल, तर बरं करण्यात या गोळ्यांत फारसं डावं-उजवं नाही. त्यामुळे माझी निवड ठरली ती रुग्ण घरी गेल्यावर काय होतं त्यावरून.

आर्टेमेथर-ल्युमेफॅन्ट्रिन बहुतेकांच्या ओळखीची. लहानग्यांसाठी पाण्यात विरघळणारी गोळी मिळते, ही मोठी सोय. पण तीन दिवसांत सहा डोस, पस्तीस किलोच्या वरच्या माणसाला दर वेळी चार गोळ्या, म्हणजे एकूण २४. शिवाय प्रत्येक डोसाबरोबर काहीतरी स्निग्ध पोटात जायला हवं, नाहीतर ल्युमेफॅन्ट्रिन नीट शोषलं जात नाही. तापाने तोंडाची चव गेलेल्या मुलाला हे कसं खाऊ घालायचं, ते त्याच्या आईलाच ठाऊक.

मला खरा त्रास झाला तो दुसऱ्या डोसाचा. तो पहिल्यानंतर आठ तासांनी. संध्याकाळी औषध सुरू केलं की दुसरा डोस येतो मध्यरात्री, नुकताच ताप उतरून मूल शांत झोपलेलं असताना. त्याला उठवायला कोणाचा जीव होतो? पुढे ताप गेला की उरलेले डोसही मागे पडतात. फेरतपासणीला आणलेल्या पाकिटात शेवटच्या दिवसाच्या गोळ्या जशाच्या तशा बघितल्या की पोटात गोळा येतो, कारण उरलेले परजीवी पुन्हा डोकं वर काढू शकतात.

आर्टेसुनेट-अमोडियाक्विन दिवसातून एकदाच. पण उलट्या आणि गळून गेल्यासारखं वाटणं यात जास्त, असं माझं निरीक्षण. एफाविरेन्झ हे एचआयव्हीवरचं औषध चालू असलेल्यांना तर ती टाळावीच.

डायहायड्रोआर्टेमिसिनिन-पिपेराक्विनही एकदाच, तीन दिवस. सकाळची वेळ ठरवली की तिन्ही डोस कोणाच्या तरी डोळ्यांदेखत देता येतात. माझ्या लेखी हे फार मोलाचं. पिपेराक्विन शरीरात बराच काळ टिकत असल्याने सुमारे महिनाभर नव्या लागणीपासूनही बचाव होतो. मात्र इथे नियम उलटा: स्निग्ध जेवणासोबत घ्यायची नाही. पंचवीस किलोखालच्या मुलांना किलोमागे जास्त मात्रा लागते, म्हणून अंदाजाने न देता वजन करूनच द्यावी.

आपल्या भागातली अधिकृत मार्गदर्शक सूचना आधी, माझी पसंती नंतर. तरी ल्युमेफॅन्ट्रिन आणि पिपेराक्विन हे दोन्ही पर्याय खुले असतील तर माझा हात पिपेराक्विनच्या जोडीकडे जातो. अपवाद दोन. हृदयाच्या ठोक्यांची तक्रार असेल किंवा क्यूटी (हृदयाच्या ईसीजी आलेखातला एक कालावधी) लांबवणारं दुसरं औषध चालू असेल, तर ती मी देत नाही. आणि गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत ल्युमेफॅन्ट्रिनचीच जोडी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये त्या काळासाठी तिचीच शिफारस केली आहे. तेव्हा मध्यरात्रीचा डोस टळावा म्हणून पहिला डोस शक्यतो सकाळीच सुरू करून देतो.