वसंतातील निसर्गफेऱ्या: गोव्यात केव्हा, कुठे आणि कोणासोबत जावे

माघ सरत आला की गोव्यात सकाळच्या निसर्गफेऱ्यांचे बेत ठरू लागतात. पक्षीनिरीक्षकांचे गट, शाळा-महाविद्यालयांची निसर्ग मंडळे, कुळागरांचे (सुपारी-मसाल्याच्या बागांचे) मालक आणि जंगलवाटा दाखवणारे स्थानिक मार्गदर्शक असे सगळेच फेब्रुवारी ते एप्रिल या काळात लोकांना बाहेर नेऊ पाहतात. ज्या कुटुंबाच्या हाताशी एखाददुसराच मोकळा रविवार असतो, त्याला मात्र चोडणच्या खारफुटीत जावे की बोंडल्याच्या जंगलात, तळ्याकाठी उभे राहावे की कुळागरात शिरावे, हा प्रश्न खरोखरच पडतो. बहुतेक लोक आधी ठिकाण ठरवतात आणि मग तारीख शोधतात. माझ्या मते हा क्रम उलटा हवा, कारण आपल्याकडचा वसंत आखूड असतो आणि त्याच्या दोन टोकांना पाहण्यासारख्या गोष्टी पूर्णपणे वेगळ्या असतात. फेब्रुवारीच्या पहाटे दव पडते, काजूला मोहोर असतो आणि हिवाळी पाहुणे पक्षी अजून पाणथळींवर असतात. मार्चच्या मध्यापासून दमट उकाडा वाढत जातो आणि महिनाअखेरीपर्यंत त्यातले बहुतेक पक्षी उत्तरेकडे निघून गेलेले असतात. एप्रिलमध्ये सकाळी नऊनंतर उघड्यावर फिरणे वयस्कर माणसांना आणि लहान मुलांना झेपत नाही. म्हणून मार्चच्या मध्यापर्यंत पाण्याकाठी जावे आणि त्यानंतर सावलीत, हे पहिले सूत्र धरावे.

पाण्याकाठच्या ठिकाणांत चोडण बेटावरचे डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य सर्वांत सोयीचे आहे. 1988मध्ये घोषित झालेल्या या अभयारण्याचे क्षेत्रफळ जेमतेम 1.78 चौरस किलोमीटर आहे. रायबंदरहून फेरीबोटीने मांडवी ओलांडली की धक्क्यापासून प्रवेशद्वार चालत जाण्याइतके जवळ आहे. खारफुटीतून बांधीव पायवाट जाते आणि वाटेत निरीक्षण मनोराही आहे. चढउतार जवळजवळ नसल्याने आजी-आजोबांना सोबत नेता येते. येथे फिरायचे तर घड्याळापेक्षा भरती-ओहोटीचे वेळापत्रक महत्त्वाचे असते, आणि पहिल्यांदा जाणाऱ्यांना नेमके हेच कोणी सांगत नाही.

ओहोटीला चिखल उघडा पडतो. मग तिवराच्या झाडाभोवती बोटभर उंचीची शेकडो श्वसनमुळे चिखलातून वर आलेली दिसतात. त्यांच्यामधून निवटे हे मासे कल्ल्यांजवळच्या परांवर रेटा देत सरपटतात, आणि एक पंजा अवाढव्य असलेले नर खेकडे तो पंजा हलवत बिळाच्या तोंडाशी उभे असतात. जाणता मार्गदर्शक तिवराचे पान न तोडता उलटे करून दाखवतो. त्यावर हलकेच बोट फिरवून ते जिभेला लावले की खारटपणा जाणवतो, कारण खाऱ्या पाण्यातून आत आलेले मीठ हे झाड पानांवाटे बाहेर टाकते. शेजारच्या कांदळाला लोंबणाऱ्या लांब हिरव्या शेंगा म्हणजे झाडावरच रुजलेली रोपे असतात आणि ती खाली पडली की चिखलात तग धरतात. मुलांना याहून चांगला धडा वर्गात मिळणे कठीण आहे. भरतीला हे सारे पाण्याखाली जाते, पण तेव्हा होडी खाडीच्या अरुंद फाट्यांत शिरू शकते आणि मानेभोवती पांढरा पट्टा असलेला कॉलर्ड किंगफिशर हा खारफुटीतला खंड्या किंवा काठावर ऊन खात पडलेली मगर दिसण्याची शक्यता वाढते. पायी फेरी करायची असेल तर सकाळची ओहोटी असलेला दिवस निवडावा आणि होडीसाठी भरतीचा. दोन्ही एकाच सकाळी साधण्याचा हट्ट धरला तर एकही नीट होत नाही. खारफुटीच्या दाटीत पक्षी दिसण्यापेक्षा ऐकू जास्त येतात, ही येथली खरी मर्यादा आहे.

ज्यांना पक्षी डोळे भरून पाहायचे आहेत, त्यांनी चोडणऐवजी करमळीचे तळे निवडावे. पणजीपासून ते जवळ आहे आणि काठावरून रेल्वे जाते, म्हणजे पोहोचण्याची अडचण नाही. उघड्या पाण्यावर अडई बदकांचे थवे, पाणवनस्पतींवरून लांब बोटांच्या पायांनी चालणारे कमळपक्षी, जांभळ्या पाणकोंबड्या आणि उघड्या चोचीचे करकोचे नवख्यालाही दुर्बिणीतून सहज ओळखता येतात. एका जागी उभे राहून पाहायचे असल्याने गुडघेदुखी असलेल्यांनाही हे ठिकाण सोसते. मात्र काठाला सावली कमी आहे आणि ऊन चढले की पाण्यावरची चकाकी डोळ्यांना त्रास देते, त्यामुळे सूर्योदयाच्या सुमारासच पोहोचणे भाग आहे. दक्षिण गोव्यातल्या वाचकांना यासाठी उत्तरेकडे येण्याचे कारण नाही. कुडचड्याचे नंदा तळे 2022मध्ये गोव्यातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, ठरले. 42 हेक्टरांचे हे तळे जुवारीला मिळणाऱ्या ओहोळालगत आहे. पावसाळ्यानंतर साठवलेले त्याचे पाणी खालच्या भातशेतीला मिळते आणि लोक त्यात मासेमारीही करतात. पाणी, शेती आणि पक्षी यांचा संबंध एकाच ठिकाणी समजावून सांगायचा असेल तर शालेय गटासाठी मी करमळीपेक्षा नंदा तळ्यालाच पसंती देईन.

ज्यांना पक्षी मोजण्याची सवय लावून घ्यायची आहे, त्यांच्यासाठी फेब्रुवारीच्या मध्यात चार दिवस चालणारा ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट हा उत्तम प्रारंभ आहे. त्यात किमान पंधरा मिनिटे एका जागी पाहून आपली यादी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदवायची असते, आणि ती अंगणात, बागेत किंवा तळ्याकाठी कुठेही करता येते. पणजीत आल्तिन्होवरचे जॉगर्स पार्क किंवा कांपालच्या बागा त्यासाठी पुरेशा आहेत. शहरातल्या बागांकडून याहून अधिक अपेक्षा ठेवू नये. लहान मुलाची पहिली फेरी किंवा आजारातून उठलेल्या माणसाचे तासाभराचे फिरणे यांसाठी त्या योग्य आहेत, एवढेच.

जंगलाचा विचार करताना तुलना अधिक काळजीपूर्वक करावी लागते, कारण येथे चुकीच्या निवडीची किंमत केवळ कंटाळ्यात मोजावी लागत नाही. बोंडला अभयारण्य सुमारे 8 चौरस किलोमीटरचे, म्हणजे लहान आहे. तेथे प्राणिसंग्रहालय आणि वनस्पती उद्यान आहे आणि गुरुवारी ते बंद असते. प्राणी हमखास दिसावेत अशी मुलांची अपेक्षा असेल तर बोंडलाच बरे, पण पिंजऱ्यातला गवा पाहून झाल्यावर घरी परतणाऱ्यांनी जंगल पाहिले असे म्हणता येणार नाही. तेथे गेलेल्यांनी सकाळचा पहिला तास तरी प्राणिसंग्रहालयाबाहेरच्या झाडीत घालवावा.

मोले येथील भगवान महावीर अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान मिळून सुमारे 240 चौरस किलोमीटरचे आहे आणि त्यातील 107 चौरस किलोमीटर राष्ट्रीय उद्यानाचे आहेत. कुळेहून जीपने दूधसागरला जाणे म्हणजेच मोल्याची सहल असे अनेकांनी ठरवून टाकले आहे, पण त्या धुळीच्या प्रवासाला निसर्गफेरी म्हणता येणार नाही. मोल्याचे वैभव पाहायचे असेल तर तांबडी सुर्ल्याच्या महादेव मंदिराच्या परिसरात जाणत्या माणसासोबत पहाटे पायी फिरावे. त्या भागात शेकरू एका फांदीवरून दुसरीवर झेप घेताना दिसते आणि धनेशाच्या पंखांचा आवाज पक्षी दिसण्याआधी ऐकू येतो. फेब्रुवारीत काटेसावर पर्णहीन होऊन लाल फुलांनी भरते आणि तिच्यावर कोतवाल, साळुंक्या, बुलबुल, पोपट मधासाठी एकत्र येतात. खाली पडलेली जाड पाकळ्यांची फुले खायला भेकर येते. अशा एका झाडाखाली अर्धा तास शांत बसणे हे पाच किलोमीटर चालण्यापेक्षा अधिक दाखवून जाते, आणि फेरीत किती अंतर चालणार असे विचारणाऱ्यांना मी आवर्जून हेच सांगतो.

दक्षिणेला काणकोणातले खोतीगाव अभयारण्य सुमारे 86 चौरस किलोमीटरचे आहे. पैंगीणजवळून आत वळावे लागते. पणजीकरांना तेथे सूर्योदयाला पोहोचायचे तर आदल्या रात्रीच काणकोणात मुक्काम करणे श्रेयस्कर. येथे गर्दी मोल्याइतकी नसते, उंच झाडांची दाट सावली असते आणि पाणवठ्यालगतच्या मचाणावर बसण्याची सोय आहे. मार्च-एप्रिलमध्ये जंगलातले पाणी आटत जाते तसतसे प्राणी उरलेल्या पाणवठ्यांकडे वळतात, त्यामुळे संयम असलेल्या प्रौढांच्या लहान गटाला खोतीगावच अधिक काही देते. पाच-सहा वर्षांच्या मुलांना मचाणावर गप्प बसवणे हा मात्र मुलांवर आणि इतरांवरही अन्याय आहे.

सत्तरीतील म्हादई अभयारण्याबद्दल वेगळे लिहिणे मला आवश्यक वाटते. 208 चौरस किलोमीटरचे हे जंगल गोव्यातल्या सर्वांत समृद्ध जंगलांपैकी आहे, पण वसंतात तेथे जाण्याचा निर्णय दोन गोष्टी तपासल्याशिवाय घेऊ नये. पहिली गोष्ट माकडतापाची. क्यासनूर फॉरेस्ट डिसीज या नावाने ओळखला जाणारा हा विषाणुजन्य ताप सत्तरीत 2015पासून आढळला आहे. तो गोचिडांच्या चावण्यातून होतो आणि त्याचा जोर साधारण डिसेंबर ते मे या कोरड्या महिन्यांत, म्हणजे नेमक्या फेऱ्यांच्या हंगामात असतो. काजूच्या बागांत काम करणाऱ्यांना या तापाचा धोका चांगलाच ठाऊक आहे. पूर्ण बाह्यांचे कपडे, पॅन्ट मोज्यांत खोचणे, पालापाचोळ्यावर न बसणे, परतल्यावर कपडे गरम पाण्यात टाकून अंग नीट तपासणे आणि मेलेले माकड दिसल्यास जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवणे, हे नियम मोडणाऱ्या गटासोबत जाऊच नये. दुसरी गोष्ट वणव्यांची. मार्च 2023मध्ये म्हादईसह अनेक ठिकाणी आगी लागल्या आणि त्या विझवण्यासाठी नौदल व हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांना पाणी ओतावे लागले. कोरड्या वर्षी मार्चनंतर जंगलातला प्रवेश कोणत्याही दिवशी थांबवला जाऊ शकतो. त्यामुळे आगाऊ पैसे भरण्याआधी परतावा मिळेल का हे विचारावे आणि वन खात्याची परवानगी कोण काढणार हेही स्पष्ट करून घ्यावे.

एप्रिलसाठी माझी निःसंकोच शिफारस कुळागराची आहे. फोंडा तालुक्यात सावई-वेरें, केरी, बेतकी या गावांत टेकडीच्या कुशीतून झऱ्याचे पाणी पाटाने खाली आणलेले असते. वर माड, त्याखाली पोफळी, पोफळीवर चढलेली मिरवेल, मध्ये जायफळ आणि केळी, खाली अननस अशी मजल्यांची रचना असल्याने भर उन्हातही आत गारवा राहतो. मिरी काढून वाळवण्याचे दिवस फेब्रुवारीपासून सुरू होतात, तर एप्रिलच्या पुढे भिरंडा, म्हणजे कोकमाची फळे, लाल होऊ लागतात. जायफळाचे पिकलेले फळ उकलले की आतल्या काळसर बीभोवती जायपत्रीची तांबडी जाळी दिसते. ज्यांनी जायपत्री फक्त मसाल्याच्या डब्यात पाहिली आहे, त्यांना ती ओलसर आणि लालभडक हातात धरायला मिळणे हीच मोठी गोष्ट ठरते. पर्यटकांच्या बसगाड्या थांबतात अशा बागांत फेरी पाऊण तासात उरकते आणि उरलेला वेळ जेवणात जातो, म्हणून घरच्या माणसांनी राखलेले लहान कुळागर निवडून आधी कळवून जावे. वन्य प्राण्यांची अपेक्षा येथे ठेवायची नसते. पण ज्यांच्या घरात तीन पिढ्या एकत्र फिरायला निघतात, त्यांना सगळ्यांच्या पायांना आणि रसालाही मानवणारी दुसरी जागा मला सुचत नाही.

ठिकाण ठरल्यावर उरतो तो मार्गदर्शकाचा प्रश्न, आणि मी त्याला ठिकाणाइतकेच वजन देतो. गटात किती माणसे असतील हे आधी विचारावे. जंगलात दहा-बाराच्या वर संख्या गेली की मागच्यांना पुढच्यांच्या पाठी तेवढ्या दिसतात. पक्षी जवळ यावेत म्हणून मोबाईलवर त्यांचे आवाज वाजवणाऱ्यांना स्पष्ट नकार द्यावा, कारण वसंत हा अनेक पक्ष्यांचा विणीचा काळ आहे. धनेशाची मादी या दिवसांत झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि आठवडेच्या आठवडे नराने चोचीतून आणलेल्या फळांवर जगते. ढोलीसमोर कॅमेरे घेऊन उभा राहिलेला गट त्या नराला लांब थांबायला लावतो आणि आतली मादी व पिल्ले उपाशी राहतात. ढोली दाखवण्याचे आश्वासन देऊन गिऱ्हाईक मिळवणारा मार्गदर्शक म्हणूनच टाळावा, मग तो कितीही स्वस्त असो. झाडांची आणि पक्ष्यांची आपल्याकडची मराठी-कोंकणी नावे जाणणारा त्याच गावचा माणूस मिळत असेल तर त्यालाच प्राधान्य द्यावे, कारण कोणत्या पाणवठ्यावर अजून पाणी आहे आणि कोणती सावर यंदा उशिरा फुलली आहे, हे त्यालाच ठाऊक असते.

शिगमोच्या दिवसांत संध्याकाळच्या मिरवणुकांमुळे शहरांतले रस्ते रात्री उशिरापर्यंत अडलेले असतात, तेव्हा मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशीची पहाट शक्यतो ठरवू नये. सोबत प्रत्येकी किमान एक लिटर पाणी, टोपी, मळकट रंगाचे कपडे आणि घरात असेल ती एक दुर्बीण पुरते. फेब्रुवारीत साडेसहापर्यंत आणि एप्रिलमध्ये सहापर्यंत ठिकाणावर पोहोचता येत नसेल, तर चोडण आणि करमळी सोडून सरळ कुळागराचाच बेत करावा.