तोंडातली चामखीळ: जाळावी, तुकडा घ्यावा की समूळ काढावी?

हिरडीवर किंवा टाळूवर मसुराएवढा खडबडीत उंचवटा दिसला, की ठाणे-नवी मुंबईतल्या दवाखान्यांत रुग्णापुढे साधारणपणे तीन पर्याय येतात: लेझरने किंवा विजेच्या सुईने तो जाळून टाकणे, त्याचा लहानसा तुकडा घेऊन तपासणे, किंवा सगळी वाढ तळापासून काढून तपासायला पाठवणे. खर्च, टाके आणि कामावरची रजा यांचा हिशेब रुग्ण स्वतःच करतो. मी काढलेले तुकडे तपासणारा पॅथॉलॉजिस्ट, सूक्ष्मदर्शकाच्या या बाजूला बसणारा असल्याने माझा प्रश्न निराळा असतो, तो म्हणजे या पर्यायानंतर निदान करण्याजोगे हाती काय उरते.

जाळणे सर्वांत झटपट होते, टाके लागत नाहीत आणि रुग्ण त्याच दिवशी कामावर जातो. हातापायांच्या बोटांवरच्या नेहमीच्या चामखिळींसाठी ते योग्यच आहे. तिथे डर्मोस्कोप या त्वचा मोठी करून दाखवणाऱ्या भिंगातून लालकाळे ठिपके स्पष्ट दिसतात आणि शंकेला फारशी जागा राहत नाही. तोंडात, जननेंद्रियावर किंवा डोक्यावरच्या केसांत एकट्याच आलेल्या वाढीसाठी मात्र मी हा पर्याय शेवटी ठेवीन. गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे एक बाटली आली. चिठ्ठीवर ‘चामखीळ, हिरडी’ एवढेच लिहिलेले, आणि आत कोळशाच्या कणासारखा काळा तुकडा. काचपट्टीवर उष्णतेने पेशींची केंद्रके ओढल्यासारखी लांबट झालेली आणि खालचा थर एकजीव गुलाबी. अहवालात ‘निष्कर्ष काढता येत नाही’ असे लिहावे लागले आणि रुग्णाने जाळण्याचे व तपासणीचे असे दोन्ही पैसे भरले.

तुकडा घेण्याची पद्धत वाढ मोठी असताना, किंवा कर्करोगाची शंका असताना, अधिक शहाणपणाची ठरते, कारण नाव ठरण्याआधी मोठी शस्त्रक्रिया करणे बरे नव्हे. तिची सगळी मदार खोलीवर असते. वरवर खरवडलेल्या तुकड्यात फक्त जाड झालेला केराटिनचा (नखा-केसांत असते त्या कठीण प्रथिनाचा) थर येतो, आणि तो थर साध्या पॅपिलोमात (विषाणूची सौम्य चामखीळ), व्हेरुसिफॉर्म झँथोमात (चामखिळीसारखी दिसणारी सौम्य वाढ) आणि व्हेरुकस कार्सिनोमात (चामखिळीसारखा दिसणारा कर्करोग) जवळपास सारखाच दिसतो. पॅपिलोमाचा संबंध बहुधा एचपीव्ही या विषाणूच्या 6 आणि 11 या प्रकारांशी असतो. 1971 मध्ये शेफर यांनी वर्णिलेल्या व्हेरुसिफॉर्म झँथोमाची खूण मात्र त्वचेच्या वा श्लेष्मल आवरणाच्या बोटांसारख्या घड्यांमधल्या जागेत असते: तिथे चरबीने भरलेल्या फेसाळ पेशी दाटीने बसलेल्या असतात आणि सीडी68 या खास रंग देण्याच्या चाचणीने त्या उठून दिसतात. 1948 मध्ये ॲकरमन यांनी वर्णिलेला व्हेरुकस कार्सिनोमा तर तळाशीच ओळखू येतो, कारण त्याच्या पेशी फार सभ्य दिसतात आणि आवरणाची फुगीर टोके खालच्या ऊतींना रेटत असतात. तंबाखू किंवा मिश्रीची सवय असलेल्या माणसाचा वरवरचा तुकडा ‘सौम्य’ म्हणून आला, तरी तेवढ्यावर विसंबू नये. तुकडा कडेचा असावा, त्यात शेजारची निरोगी बाजू यावी आणि तळही यावा.

वाढ सेंटिमीटरभराहून लहान असेल आणि जागा सोयीची असेल, तर माझे मत तिसऱ्या पर्यायाला आहे. स्थानिक भूल, एखाददुसरा टाका, आणि निदान व उपचार एकाच बैठकीत. झँथोमा असा पूर्ण काढल्यावर क्वचितच परत येतो. ‘झँथोमा’ हा शब्द अहवालात वाचून घरात तूप बंद होते, पण या प्रकारात रक्तातली चरबी बहुधा ठीकच असते. पूर्ण काढण्याचा खरा लाभ वॉर्टी डिस्केराटोमा या चामखिळीसारख्या सौम्य वाढीत दिसतो. ही वाढ बहुधा डोक्यावर, चेहऱ्यावर किंवा मानेवर एकटीच येते, मध्ये केराटिनचे बूच असते, आणि सूक्ष्मदर्शकाखाली ती वाटीसारखी दिसते. वाटी अखंड दिसली तर ओळख सोपी. तिचा नुसता कोपरा मिळाला, तर एकमेकींपासून सुटलेल्या पेशी पाहून डेरियर रोग या आनुवंशिक त्वचारोगाचा किंवा तोंडातल्या पेम्फिगस या फोड आणणाऱ्या रोगाचाही विचार करावा लागतो. पेम्फिगसची शंका असेल तर डॉक्टरांनी ते आधीच सांगायला हवे, कारण इम्युनोफ्लुओरोसन्स या (चमकणाऱ्या रंगाने प्रतिपिंडे शोधण्याच्या) चाचणीसाठीचा वेगळा तुकडा फॉर्मालिन या नमुना टिकवणाऱ्या द्रावात टाकला की त्याचा उपयोग संपतो.

कोणाकडे जावे, हा प्रश्न यापुढे फार अवघड राहत नाही. हिरडी-टाळूसाठी मुख-शल्यचिकित्सक, त्वचेसाठी त्वचारोगतज्ज्ञ. कळव्याच्या महापालिकेच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात आधी चौकशी करायला हरकत नाही. अहवालात कर्करोगाची शंका असेल आणि खारघरला टाटा स्मारक केंद्राच्या ॲक्ट्रेक या कर्करोग संस्थेत जायचे ठरले, तर नुसता कागद पुरत नाही. प्रयोगशाळेतून काचपट्ट्या आणि तुकडा बसवलेला मेणाचा ठोकळा मागून घ्यावा लागतो. नमुना देताना बाटलीत तुकड्याच्या किमान दहापट फॉर्मालिन आहे का, आणि चिठ्ठीवर नेमकी जागा, किती दिवसांपासून आहे आणि तंबाखूची सवय लिहिली आहे का, हे स्वतः पाहावे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तीही सांगावी. ती आपल्याच मनाने थांबवू नये.