इसीआर जनुक: पूर्ण निकामी करावं की एकाच ऊतीत दाबावं?

कोल्हापुरात फळमाश्या पाळणं सोपं. त्यांच्या खाद्यात गूळ चालतो आणि तो इथे हाताशीच. पेच आहे तो जनुकाचं काम तपासण्याच्या पद्धतीचा. एकडायसोन हे अळीला कात टाकायला लावणारं संप्रेरक. त्याचा ग्राही, म्हणजे ते संप्रेरक ओळखणारं प्रथिन, बनवणारं इसीआर जनुक उत्परिवर्तनाने पूर्ण निकामी केलं तर पुरावा चोख, पण जीव भ्रूणावस्थेतच मरतो. मग कोषावस्था बघणार कुणाची?

१९९३ साली आलेल्या गाल-४/यूएएस पद्धतीत गाल-४ हे प्रथिन हव्या त्या ऊतीत यूएएस या डीएनए-तुकड्याला जोडलेलं जनुक सुरू करतं. तिने आरएनएआय, म्हणजे जनुकाचा आरएनए-संदेश नष्ट करून त्याला दाबणं, नुसत्या लाळग्रंथीतही चालवता येतं. जनुक मात्र पुरतं बंद होत नाही, कधी भलतंच जनुक दबतं. शिवाय गाल-४ १८ अंशांना मंद, २९ला जोमात. म्हणजे इन्क्युबेटर हवाच, एप्रिलच्या उन्हावर भरवसा नको! कोषावस्थेसाठी मी हीच निवडेन, पण दोन वेगळ्या आरएनएआय वाणांवर ताडूनच.