लाउडन काउंटी: अ‍ॅशबर्नचं टाउनहाउस की पर्सेलव्हिलची मोकळी जमीन?

व्हर्जिनियातल्या लाउडन काउंटीत घर घ्यायचं ठरलं की पहिला वाद पूर्व की पश्चिम हाच. शाळांचा कारभार दोन्हीकडे एकच, पण रूट ७ या महामार्गाने पश्चिमेकडे जाताना लीसबर्ग गाव ओलांडलं की राहणीच बदलते. काउंटीने नियोजनातच पश्चिमेचा मोठा पट्टा ग्रामीण ठेवलाय.

पूर्वेला अ‍ॅशबर्न, स्टर्लिंग, साउथ रायडिंग. डलस विमानतळ जवळ, नोव्हेंबर २०२२ पासून वॉशिंग्टन मेट्रोची सिल्व्हर लाइनही अ‍ॅशबर्नपर्यंत येते. भारतीय कुटुंबं भरपूर, गणपतीच्या आरतीला माणसं गोळा करावी लागत नाहीत. अंगण मात्र चटईएवढं, आणि दाराचा रंग बदलायचा तरी बहुतेक वसाहतींत घरमालकांच्या असोसिएशनची परवानगी. शिवाय डेटा सेंटर्स, म्हणजे सर्व्हरांनी भरलेल्या प्रचंड इमारती. इतकी दाटी जगात दुसरीकडे नाही. त्यांच्या करामुळे घरपट्टीचा दर आटोक्यात राहतो हे खरं, पण घरामागे रिकामा प्लॉट दिसला म्हणून हुरळून जाऊ नका. त्याचं झोनिंग, म्हणजे तिथे काय बांधायची मुभा आहे, ते आधी बघा, नाहीतर उद्या तिथे बिनखिडक्यांची भिंत आणि कूलिंगची अखंड घरघर.

पश्चिमेला पर्सेलव्हिल, लव्हेट्सव्हिल, मिडलबर्ग. ब्लू रिजचे डोंगर, द्राक्षमळे, घोड्यांची कुरणं. रविवारी बघायला गेलात तर तिथेच सही करून याल. म्हणून आधी पाण्याचं विचारा. गावाच्या हद्दीबाहेर बहुतेक घरांना स्वतःची विहीर आणि सेप्टिक टँक. वीज गेली की पंप बंद, म्हणजे नळही बंद. सेप्टिकची परवानगी बेडरूमच्या संख्येवर असते. आई-बाबांसाठी बेसमेंटमध्ये खोली काढायचा बेत असेल तर तो कागद सौद्याआधी वाचा. अनेक रस्ते अजून खडीचे आहेत. फायबर इंटरनेट शेजाऱ्याकडे असलं तरी तुमच्या पत्त्यावर मिळेलच असं नाही.

प्रवासाचा हिशेबही करा. पर्सेलव्हिलहून मेट्रो गाठायची तर आधी अ‍ॅशबर्नपर्यंत गाडी, आणि लीसबर्गपासूनचा ग्रीनवे हा खासगी टोलरस्ता खिशाला चांगलाच जाणवतो.

आठवड्यातून तीन दिवस ऑफिस असेल तर मी पूर्वच सांगेन, डोंगर शनिवारी बघता येतात. दोघंही घरूनच काम करत असाल तर पर्सेलव्हिल, पण गावाच्या हद्दीत: तिथे नळाचं पाणी आहे. काउंटीच्या करावर गावाचा वेगळा कर पडतो, तो महिन्याच्या हप्त्यात धरूनच बजेट करा.