भिंतीवरचा ले-आऊट आणि मंजुरीतला ले-आऊट

नागपूर परिसरात शेतजमिनीवर प्लॉट पाडून वसवलेल्या वस्तीला सगळे ले-आऊटच म्हणतात आणि ते प्लॉट ज्या कागदावर आखलेले असतात त्यालाही ले-आऊटच म्हणतात. वर्धा रोडलगत, बुटीबोरीच्या अलीकडे, अशाच एका ले-आऊटमध्ये माझ्या थोरल्या भावाने निवृत्तीच्या रकमेतून दीड हजार चौरस फुटांचा प्लॉट घेतला. त्याला ज्या पद्धतीने फसवले गेले ती इतरांना कळावी, म्हणून हे लिहीत आहे.

विकासकाच्या कार्यालयात भिंतभर रंगीत नकाशा होता. त्यात नऊ मीटरचे रस्ते, कडेला हिरवागार बगीचा आणि विकल्या गेलेल्या प्लॉटांवर लाल टिकल्या होत्या. खाली उजव्या कोपऱ्यात एक गोल शिक्का होता. तो नियोजन प्राधिकरणाचा नसून नकाशा काढणाऱ्या वास्तुविशारदाचा होता आणि त्याच्या शेजारी बारीक अक्षरांत 'प्रस्तावित' असे छापलेले होते. सातबारा खरा, त्यावरचे नाव विकासकाचेच, अकृषिक आदेशही खरा, इतकेच नव्हे तर माहितीपत्रकावरचा महारेरा (राज्याचे स्थावर संपदा नियामक प्राधिकरण) क्रमांकसुद्धा खरा होता. खोटा होता तो फक्त नकाशा. नोटरी केलेल्या इसारपत्रावर विकासकाने हप्त्याहप्त्याने निम्म्याहून अधिक किंमत उचलली आणि विक्रीपत्राचा विषय निघाला की, "भाऊसाहेब, फायनल मंजुरी येऊ द्या, लगेच रजिस्ट्री लावून देतो," एवढेच उत्तर मिळे.

भावाने प्राधिकरणाकडून मंजूर नकाशाची प्रमाणित प्रत काढली, तेव्हा त्यात त्याचा प्लॉट नव्हताच. त्या ठिकाणी 'खुली जागा' दाखवलेली होती. मोठ्या ले-आऊटमध्ये साधारण दहा टक्के क्षेत्र असे सर्वांसाठी मोकळे ठेवावे लागते. विकासकाने त्याच क्षेत्राचे तुकडे पाडले, मंजूर नकाशातले क्रमांक जिथे संपत होते त्यापुढचे क्रमांक त्यांना दिले आणि भिंतीवरचा बगीचा नाल्याकाठच्या अशा पट्ट्यावर रंगवला, जो त्याच्या खसऱ्यात, म्हणजे जमिनीच्या सर्व्हे क्रमांकात, मुळी येतच नव्हता. लोकांच्या मुलांनी जिथे खेळायचे ती जागा एखाद्या वृद्धाच्या आयुष्यभराच्या बचतीच्या बदल्यात विकणे हा माझ्या लेखी अत्यंत निर्दय गुन्हा आहे, कारण त्यात त्या वृद्धाबरोबर सगळी वस्ती लुबाडली जाते.

जाब विचारल्यावर 'नकाशा रिवाइज केला आहे' असे सांगण्यात आले. तेही असत्य होते. 2016 च्या रेरा (स्थावर संपदा) कायद्यातील कलम 14 प्रमाणे मंजूर ले-आऊटमध्ये असा बदल करण्यासाठी किमान दोन तृतीयांश प्लॉटधारकांची लेखी संमती आधी घ्यावी लागते, तर कलम 13 प्रमाणे नोंदणीकृत करारनाम्याशिवाय दहा टक्क्यांहून अधिक रक्कम स्वीकारताच येत नाही. त्यामुळे एवढे हप्ते नोटरीच्या कागदावर मागितले जाणे हीच धोक्याची पहिली खूण समजावी. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा क्रमांक टाकला की विकासकाने सादर केलेला मंजूर नकाशा पाहता येतो. तो उघडून आपला प्लॉट क्रमांक, चतुःसीमा आणि खुली जागा भिंतीवरच्या नकाशाशी ताडून पाहावी, आणि मगच इसाराची गोष्ट काढावी.

भावाने आणि त्याच खुल्या जागेवर प्लॉट घेतलेल्या इतर कुटुंबांनी पोलिसांकडे व महारेराकडे तक्रार केली आहे. भावाचे सगळे हप्ते धनादेशाने गेल्यामुळे बँकेचा उतारा जोडता आला, परंतु ज्यांनी रोख रक्कम देऊन साध्या चिठ्ठीवर सही घेतली, त्यांना पैसे दिल्याचे सिद्ध करणेच जड जात आहे.