आयबी डिप्लोमा: एका आईचा अभिप्राय

लेकीचा आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) डिप्लोमा, म्हणजे अकरावी-बारावीच्या तोडीचा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम, नुकताच पार पडला. दोन वर्षं, सहा विषय, त्यांतले तीन सहसा वरच्या पातळीवर; गुण जास्तीत जास्त ४५. मला सगळ्यांत आवडला तो ४००० शब्दांपर्यंतचा निबंध. विषय आपणच निवडायचा, संदर्भ आपणच धुंडाळायचे. हिने मुंग्या निवडल्या, मग काय, घरभर साखरेचे कण! ज्ञानमीमांसेच्या (आपल्याला एखादी गोष्ट कशी कळते, याचा विचार करायच्या) तासाचे पडसाद जेवताना उमटायचे: "आई, हे तुला कशावरून माहीत?" उत्तर देता देता माझी भाजी गार. कला, व्यायाम, सेवा या उपक्रमांना गुण नाहीत, पण ते पूर्ण केल्याशिवाय डिप्लोमाही नाही. त्यामुळे बरीच मुलं त्या उपक्रमांच्या नोंदी शेवटी घाईघाईत भरतात, ते पटलं नाही. पाठांतरावर भिस्त असलेल्या मुलाला मी हे सुचवणार नाही.