स्प्रिंगशार्प: टेहळणीची छोटी विमानवाहू नौका डिझाइन करण्यासाठी कितपत उपयोगी?

दोन महायुद्धांच्या मधल्या काळातली काल्पनिक नौदलं उभी करायचा ज्यांना नाद आहे त्यांच्यासाठी हा रिव्ह्यू आहे. स्प्रिंगशार्प हे विंडोजवर चालणारं फुकट सॉफ्टवेअर आहे, युद्धनौकेची लांबी-रुंदी, तोफा, चिलखत, वेग, इंधन असं सगळं भरायचं आणि ते वजनाचा, ताकदीचा, स्थिरतेचा हिशोब करून एक लांबलचक रिपोर्ट देतं. आधीच सांगतो, क्रूझर किंवा बॅटलशिपसाठी याच्या तोडीचं दुसरं काही फुकटात मिळत नाही, डोळे झाकून घ्या. पण विमानवाहू नौकेसाठी, त्यातही छोट्या टेहळणीच्या नौकेसाठी, हे अर्धंच काम करतं, आणि उरलेलं अर्धं कुठलं हे माहीत नसेल तर रिपोर्ट मस्त येतो पण जहाज निरुपयोगी असतं.

मी यावर डच नौदलासाठी जहाज केलंय. कारण असं की 1923 च्या ऑक्टोबरमध्ये नेदरलँड्सच्या संसदेत ईस्ट इंडीजसाठी, म्हणजे आजच्या इंडोनेशियासाठी, मोठं नौदल बांधायचं विधेयक आलं होतं. त्याविरुद्ध दहा लाखांहून जास्त लोकांनी सह्या केल्या होत्या आणि ते 50 विरुद्ध 49 असं फक्त एका मताने पडलं. एक मत! काल्पनिक इतिहासासाठी यापेक्षा चांगला फाटा कुठे मिळणार, एक खासदार इकडचा तिकडे करायचा आणि पुढे सगळं आपलं. शिवाय हॉलंडने वॉशिंग्टनच्या पाच देशांच्या नौदल करारावर सही केलेली नव्हती, त्यामुळे टनेजची मर्यादा नाही, फक्त पैशाची आहे, आणि तीच खरी कडक.

टेहळणीच का, तर तिकडचा समुद्र बघा. हजारो बेटं, डझनभर सामुद्रधुन्या आणि राखायला मूठभर क्रूझर. 30 मीटर उंचीवरून बघणाऱ्या माणसाला क्षितिज जेमतेम 20 किमीवर असतं. 1942 च्या 27 फेब्रुवारीला जावा समुद्राच्या लढाईत नेमकं हेच नडलं, दोस्त राष्ट्रांच्या क्रूझरवरची विमानं रात्रीच्या लढाईच्या तयारीने आधीच किनाऱ्यावर उतरवून ठेवलेली, आणि जपानी क्रूझरची विमानं मात्र रात्री वरून फ्लेअर टाकून दोस्तांची जहाजं उजेडात आणत होती. डे रॉयटर आणि जावा या दोन्ही डच क्रूझर त्याच रात्री बुडाल्या, अ‍ॅडमिरल कारेल दोरमान डे रॉयटरबरोबर गेला. हा दोरमान स्वतः डच नौदलाच्या पहिल्या वैमानिकांपैकी एक, तरुणपणी डे कोयच्या विमानतळाचा प्रमुख होता तो, आणि शेवटच्या लढाईत त्याच्या हाताशी एक विमान नाही. हे वाचल्यापासून माझ्या डोक्यातून ते जहाज जातच नाही.

तर जहाज असं. पाण्याच्या रेषेवर लांबी 160 मीटर, रुंदी 19, ड्राफ्ट (पाण्याखालची खोली) 5.6, ब्लॉक कोएफिशंट (लांबी-रुंदी-ड्राफ्टच्या ठोकळ्यातला किती भाग जहाजाचं पाण्याखालचं धड व्यापतं तो) 0.50, म्हणजे नेहमीच्या भारात साधारण 8,700 टन. वेग 28 नॉट, विमानं 12, तोफा 12 सेंमीच्या सहा. बांधणी सुरू होण्याचं वर्ष 1928.

इथपर्यंत स्प्रिंगशार्प अगदी भारी चालतं. लांबी टाकली की ते जहाजाचा नैसर्गिक वेग दाखवतं, 160 मीटरला साधारण 23 नॉट, आणि त्याच्या वर जायला लागलं की इंजिनाची किती टक्के ताकद नुसत्या लाटा उठवण्यात जाते ते पण दाखवतं. 28 ला तो आकडा निम्म्याच्या आसपास जातो. म्हणजे चाळीस-एक हजार हॉर्सपॉवरपैकी निम्मी पाणी ढकलण्यात! लांबी दहा मीटर वाढवली की हा आकडा उतरतो पण हलचं, म्हणजे जहाजाच्या धडाचं, वजन आणि खर्च चढतो. हे असं एक आकडा हलवायचा आणि बाकीचे पाच बघायचे, यातून जहाज कसं बनतं ते जेवढं कळतं तेवढं नुसतं वाचून कळत नाही, मी तर म्हणेन हेच या सॉफ्टवेअरचं सगळ्यात मोठं देणं आहे. वर्षाचा रकाना पण नीट भरा, कारण इंजिनाचं वजन त्यावर ठरतं. 1922 ची आणि 1932 ची मशिनरी यात खूप फरक पडतो, आणि फक्त वजन बसवण्यासाठी वर्ष पुढे ढकलणं म्हणजे फसवणूक आहे.

आता अडचण. यात विमानवाहू नौका असा प्रकारच नाही. विमानं ठेवायचं हँगर नाही, ती वर-खाली करणारी लिफ्ट नाही, उड्डाणाचा डेक नाही. हे सगळं मिसलेनियस वेट नावाच्या रकान्यात टनांत टाकायचं. जुन्या दुसऱ्या आवृत्तीत तो एकच रकाना होता. तिसरी आवृत्ती, जी अजून बीटाच म्हणवते, तिच्यात हे वजन कुठे आहे ते सांगता येतं, पाण्याखाली, पाण्यावरच्या हलमध्ये, डेकवर की डेकच्याही वर. विमानवाहू नौका करायची असेल तर तिसरीच घ्या, दुसरीला हातही लावू नका. कारण विमानवाहू नौकेत वजन किती यापेक्षा ते किती उंचावर आहे यावर सगळं ठरतं.

याची परीक्षा घ्यायला जपानची र्‍यूजो हे उत्तम उदाहरण आहे. वॉशिंग्टन करारात 10,000 टनांखालची विमानवाहू नौका मोजलीच जात नव्हती, म्हणून जपानने 1929 मध्ये 8,000 टनांची र्‍यूजो सुरू केली, 24 विमानांसाठी एकच हँगर. मग 1930 च्या लंडन करारात ती पळवाट बंद झाली, छोट्या जहाजाचा फायदाच गेला, तर त्यांनी त्याच हलवर दुसरं हँगर चढवून विमानं 48 केली. 1933 मध्ये जहाज दाखल झालं, 1934 च्या मार्चमध्ये तोमोझुरू नावाची टॉर्पेडो बोट वादळात उलटली तेव्हा सगळ्याच जड माथ्याच्या जहाजांची तपासणी झाली, आणि र्‍यूजोला कुरे गोदीत नेऊन बाजूंना बल्ज (फुगवटे), तळाला बॅलास्ट (स्थिरतेसाठी वजन), वरच्या तोफा कमी, हे सगळं करावं लागलं. त्यानंतरही 1935 च्या सप्टेंबरमधल्या वादळात मार खाल्ला आणि मग पुढचा भाग एक डेक उंच करावा लागला. टनेज शेवटी 10,000 च्या वर गेलं ते गेलंच.

मी माझ्याच डच हलवर हेच केलं. हँगरचं वजन डेकवर टाकलं, स्टॅबिलिटीचा, म्हणजे स्थिरतेचा, आकडा 1.00 या पास होण्याच्या रेषेच्या आरामात वर. मग दुसरं हँगर डेकच्या वर असं टाकलं आणि आकडा धाडकन 1 च्या खाली. तेच सगळं वजन हलच्या आत असं दाखवलं की परत सगळं हिरवंगार. म्हणजे तिसऱ्या आवृत्तीला र्‍यूजोची चूक पकडता येते, पण तुम्ही प्रामाणिकपणे जागा सांगितली तरच. हे मला फार आवडलं आणि यासाठी मी त्याला पूर्ण मार्क देतो.

दुसरा पेच फ्रीबोर्डचा, म्हणजे पाण्यापासून हलच्या वरच्या डेकपर्यंतच्या उंचीचा. हँगर हलचाच भाग धरायचं की डेकवर ठेवलेला पत्र्याचा डबा धरायचं? ब्रिटिश हर्मीसमध्ये हलच वरपर्यंत बांधलेलं, उड्डाणाचा डेक हाच मजबुतीचा डेक. र्‍यूजो आणि अमेरिकन रेंजरमध्ये उलट, हल खाली संपतं आणि हँगर वर बसवलेलं. स्प्रिंगशार्पमध्ये फ्रीबोर्ड बारा मीटर भरलं की हलची उभी ताकद आणि समुद्रात टिकायचा गुण एकदम आकाशाला भिडतात, जे खोटं आहे, कारण त्या उंच भिंतींत लिफ्टची भली मोठी भोकं असतात हे त्याला माहीतच नाही. म्हणून मी फ्रीबोर्ड सहा मीटर भरतो आणि हँगर वेगळं वजन म्हणून. मग त्याच्याकडून 'हल सब्जेक्ट टू स्ट्रेन इन ओपन-सी' (खुल्या समुद्रात हलवर ताण येईल) असा इशारा आला तर तो गंभीरपणे घ्यायचा, स्ट्रेंग्थ (हलची ताकद) 1.00 ला येईपर्यंत काहीतरी कापायचं. मी दोन तोफा कापल्या, आठाच्या सहा झाल्या, आणि काही बिघडलं नाही. टेहळणीच्या जहाजाला कुणाशी तोफांनी भांडायचंच नाहीये, दिसलं की कळवायचं आणि 28 नॉटने पळायचं.

आता जे स्प्रिंगशार्प अजिबात बघत नाही ते, आणि यासाठी शेजारी एक एक्सेल शीट उघडी ठेवाच. त्या काळातलं विमान म्हणून मी फेअरी थ्री-एफ धरलं, हर्मीससारख्या जहाजांवरून उडायचं ते. लांबी साडेदहा मीटर, वजन पावणेतीन टनांच्या आसपास. बाराचं मिळून 33 टन, म्हणजे वजनाच्या दृष्टीने काहीच नाही. पण जागा बघा! पंख मिटून पाचेक मीटर रुंदी धरली तर दोन शेजारी आणि मध्ये-कडेला वावर मिळून 12 मीटर, सहा रांगा प्रत्येकी 11 मीटर म्हणजे 66 मीटर, वर दोन लिफ्ट, झालं 88 मीटर. 160 मीटरच्या जहाजाचा निम्म्याहून जास्त भाग नुसता रिकामा बोगदा, आणि दोन्ही बाजूंना उरले साडेतीन-साडेतीन मीटर, त्यात बॉयलरचा धूर वर नेणारे मार्ग, वर्कशॉप, खलाशांच्या राहायच्या जागा. मुंबईत जुनी विक्रांत म्युझियम होती तेव्हा ज्यांनी तिचं हँगर आतून पाहिलं असेल त्यांना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल, ती तर यापेक्षा कितीतरी मोठी नौका आणि तिथेही लिफ्टच्या कडेला उभं राहिलं की जागा कुठे आणि कशी गेली ते दिसायचं. स्प्रिंगशार्प जागेबद्दल एक टक्केवारी देतं खरं, पण ती इंजिन, दारूगोळा आणि माणसांची, हँगरची नाही. 12 च्या जागी 30 विमानं लिहा, वजन बसलं तर ते बिचारं हो म्हणतं.

दुसरं वारा. छोट्या डेकवरून विमान उडायला समोरून वारा लागतो. विषुववृत्ताजवळ कितीतरी दिवस वारा जवळपास पडलेला असतो, तिथे डेकवरून जाणारा वारा म्हणजे जहाजाचा स्वतःचा वेग. जपानच्या होशोला 25 नॉट होते, हर्मीसलाही 25, उत्तरेकडच्या वाऱ्याच्या समुद्रात ते चालून जाईल. सुंदा सामुद्रधुनीच्या आसपास मला 28 च्या खाली जायचं नाही, आणि ते तीन नॉट किती महाग पडतात ते वर सांगितलंच.

तिसरं धूर. होशोला चिमण्या आडव्या पाडता येतील अशा केल्या होत्या, आणि डेकवरचं छोटं आयलंड (एका कडेला असलेला मनोरा) 1924 मध्येच काढून टाकलं, कारण एवढ्याशा डेकवर ते अडचणच होतं. याचं स्प्रिंगशार्पमध्ये काहीच नाही, नुसतं चित्र काढूनच बघावं लागतं.

बाराच विमानं पुरतात का, असं नेहमी विचारतात. माझा हिशोब: ताशी 160 किमीने साडेतीन तास उडणारं विमान राखीव इंधन ठेवून 240 किमी लांब जाऊन येतं. सहा विमानं 15-15 अंशांच्या फरकाने पंख्यासारखी सोडली तर टोकाला दोन मार्गांमधलं अंतर 63 किमी येतं, प्रत्येकाला दोन्ही बाजूंना तीस-बत्तीस किमी दिसलं की क्षितिजाचा पाव भाग झाकला. उरलेली सहा दुपारच्या फेरीला आणि दुरुस्तीला. स्वीडनने याहून स्वस्तात गॉटलंड बांधली, 1934 ची, साडेचार-पावणेपाच हजार टन, पुढे तोफा आणि मागे सहा हॉकर ऑस्प्रे, पण ती पाण्यावर उतरणारी विमानं, उतरल्यावर क्रेनने उचलायची, म्हणजे समुद्र शांत हवा आणि जहाजाला हळू व्हायला लागणार, पाणबुड्यांच्या समुद्रात हे मला पटत नाही. तरी बजेट फारच कमी असेल तर गॉटलंडचा प्रकार स्प्रिंगशार्पमध्ये कितीतरी अचूक बसतो कारण मुळात ती क्रूझरच आहे.

बाकी वापरायला कसं, तर दिसायला जुनाट आहे, छोट्या छोट्या रकान्यांच्या खिडक्या, पहिल्यांदा उघडल्यावर गोंधळायला होतं. मेट्रिक आणि इंपीरियल दोन्ही चालतं, रिपोर्ट साध्या मजकुरात येतो त्यामुळे कुठेही चिकटवता येतो. ज्यांना जहाज बांधून लगेच लढवायचंय त्यांनी रूल द वेव्हज हा गेम घ्यावा, त्याच्या दुसऱ्या भागापासून विमानवाहू नौका आहेत, पण तो विकत घ्यावा लागतो आणि त्यात हलच्या आकाराशी एवढं खेळता येत नाही.

क्रूझर-बॅटलशिपसाठी पाचपैकी पाच. विमानवाहू नौकेसाठी तिसरी आवृत्ती आणि शेजारी हँगरची शीट असेल तर चार, नुसतं असेल तर अडीच. नवीन माणसाने सुरुवात 12 विमानं, एकच हँगर, सहा मीटर फ्रीबोर्ड आणि 25 नॉट इथून करावी, स्टॅबिलिटी आणि स्ट्रेंग्थ दोन्ही 1.00 च्या वर आले की मग एकेक नॉट वाढवत जावं आणि दर वेळी काय काय खाली आलं ते लिहून ठेवावं.